रोवणीचे दिवस आणि दहावीचा अभ्यास



जुलै उजाडला की नागऱ्याच्या बांध्यांत धानाची रोवणी सुरू होते. मजूर मिळत नाहीत, पाऊस कोणासाठी थांबत नाही, आणि नववी-दहावीतली मुलगी 'चार दिवसांकरिता' शाळेतून घरी राहते. दिवाळीच्या सुमारास कापणी, तेव्हा पुन्हा तेच. आम्हीही हे केले आहे, म्हणून दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण त्या चार दिवसांत वर्गात काय शिकवून झाले, हे आपण विचारतच नाही. चूक तिथे होते.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. दहावीच्या 2018 पासूनच्या गणिताच्या पुस्तकात पहिले प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे, दुसरे वर्गसमीकरणांचे. भूमितीत पहिली समरूपता. म्हणजे पाया घातला जातो तो नेमका रोवणीच्या दिवसांत! शिवाय गणिताच्या शंभरांपैकी 80 गुण लेखी, तर 20 गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. गैरहजर मुलाचे नुकसान दोन्हीकडे होते.

घरी ठेवणे अगदीच टळत नसेल तर वर्गशिक्षकांना आधी सांगावे. संध्याकाळी मैत्रिणीची वही आणावी. नुसती उतरवून घेऊन भागत नाही. वही मिटून तेच उदाहरण पुन्हा सोडवायला लावावे.

"आम्हीच सातवीपर्यंत शिकलो, आम्ही काय तपासणार?" असे पुष्कळ आईवडील म्हणतात. तपासू नका, ऐका. जेवणानंतर टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून म्हणा, "बेटा, आज काय शिकवलं ते मला समजावून सांग." घरी पोवारी, हिंदी, जी बोली असेल तिच्यात सांगू द्या. पुस्तकाची मराठी पाठ म्हणता येते. घरच्या बोलीत मात्र समजल्याशिवाय सांगता येत नाही. जिथे अडखळेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच गुरुजींना विचारायला पाठवा. पंधरा मिनिटे पुरतात. (शिकवणीच्या फीपेक्षा हे स्वस्त, पण रोज करावे लागते.)

एवढे करूनही एखादा विषय राहिला तर घरात रडारड नको. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो. 2015 पासून नापासांची फेरपरीक्षाही निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होऊ लागली आहे. ती येते जून-जुलैत, पुन्हा रोवणीच्या तोंडावर. तेवढे दिवस तरी मुलाच्या हाती पऱ्हे देऊ नका.