विद्यार्थ्याची ई-संचिका व तिच्या मंचाची निवड

दिवाळी उलटली की शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामासाठी कल्याण-भिवंडीकडे उतरतात. मुलेही बरोबर जातात. मुलाची चित्रे, लेखन व वाचनाच्या नोंदी मात्र गावच्या शाळेच्या कपाटात राहतात. नव्या शाळेतील गुरुजींना त्याची ओळख पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावी लागते. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून अशा नोंदींचे महत्त्व वाढले आहे. त्या संगणकावर ठेवल्या, म्हणजे ई-संचिका झाली.

तिच्यासाठी मंच निवडताना शिक्षकांची दृष्टी प्रथम पृष्ठाच्या सजावटीकडे जाते. वास्तविक पहिला प्रश्न असा असावा : मुलाने शाळा सोडली, तर त्याचे काम तेथून सहीसलामत बाहेर काढता येईल काय? विकिस्पेसेस हा शिक्षकांच्या वापरातील मंच २०१८ मध्ये बंदच झाला. गूगल साइट्स सोपे आहे. परंतु लहान मुलांसाठी शाळेचे खाते लागते, आणि मुलगा शाळेबाहेर पडला की ते खातेही बहुधा सुटते. न्यूझीलंडमध्ये २००६ साली आरंभलेला माहारा हा मंच मुक्तस्रोत असून त्यातून संपूर्ण संचिका उतरवून घेता येते. मात्र त्याचा सर्व्हर सांभाळणारा जाणकार हवा. डोंबिवलीतील एखाद्या मोठ्या शाळेस ते साधेल. वाडीवरील द्विशिक्षकी शाळेने त्या खटाटोपात पडू नये.

तिला साधे फोल्डरच पुरेसे आहे. प्रत्येक मुलाच्या नावाचे एक फोल्डर करावे. त्यात वहीच्या पानाचे छायाचित्र व वाचनाचे ध्वनिमुद्रण ठेवावे आणि फाइलच्या नावात इयत्ता, विषय व दिनांक घालावा. यास नेटवर्क लागत नाही. ते मिळेल तेव्हा दुसरी प्रत ड्राइव्हवर चढवावी. महिन्याकाठी दोन-तीनच कामे घ्यावीत आणि ती मुलाने स्वतः निवडावीत. "हेच का निवडलेस?" याचे उत्तर त्याच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करावे. पुष्कळदा कामापेक्षा हे उत्तरच अधिक बोलके असते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षिली आहे. यास्तव फोल्डरचा दुवा गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये.

स्थलांतरित मुलास शिक्षण हमी कार्ड देतानाच फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा पालकांच्या फोनवर द्यावी. पावसाळ्याच्या तोंडाशी कुटुंब परतले, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेतील कामे त्याच फोल्डरमध्ये जोडून घ्यावीत.