मोटारीच्या दाराचे आतील आवरण न मोडता कसे काढावे

गाडीच्या आसास वंगण केव्हा घालावे व चाकाची धाव केव्हा सैल झाली, हे शेतकरी बंधूंस कोणी शिकवावे लागत नाही. आता पुष्कळांच्या दारी बैलगाडीच्या जागी पिक-अप किंवा जीप उभी असते. परंतु तिच्याविषयीचे ज्ञान अद्याप तितके घरचे झालेले नाही. काच मध्येच अडकते, दार आतून उघडेनासे होते, पावसाळ्यात पायाखाली पाणी साचते. या तक्रारींचे मूळ बहुधा दाराच्या पोटात असते, आणि तेथे पोचण्यासाठी आतील आवरण, म्हणजे ज्यास मेस्त्री ‘डोअर पॅड’ म्हणतात ते, काढावे लागते. पुष्कळ आवरणे काढताना चिरतात. त्यांचा दोष ताकद कमी पडल्याचा नसून, अजून काय धरून आहे हे न पाहता ओढल्याचा असतो. सबब ही कृती येथे क्रमवार देत आहो.

दाराची रचना :— दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात बनलेल्या विलिस जीपला पत्र्याची दारेच नव्हती, त्यामुळे हा प्रश्नही नव्हता. हल्लीच्या दारास दोन पत्रे असतात, एक बाहेरचा व एक आतला. त्यांमधील पोकळीत काच, काचेचे मशीन व कुलूप बसविलेले असते. काचेलगतची रबरपट्टी सर्व पाणी अडवीत नाही. थोडे पाणी पोकळीत उतरावे व दाराच्या तळाशी ठेवलेल्या छिद्रांतून निघून जावे, अशीच योजना असते. आतल्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा पातळ पडदा चिकट राळेसारख्या पदार्थाने डकविलेला असतो; तो पाण्यास आत येऊ देत नाही. त्यावर आवरण बसते. त्यास तीन गोष्टी धरून ठेवतात : काही स्क्रू, कडेने बसविलेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा, आणि काचेच्या फटीत अडकविलेली वरची कड.

पूर्वतयारी :— प्रथम काच पूर्ण वर घ्यावी. मग किल्ली काढून बॅटरीची ऋण तार सोडावी. ज्या मोटारींत एअरबॅग आहेत, त्यांत तार सोडल्यावर मोटारीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. काही मोटारींत दारातच एअरबॅग किंवा तिचा संवेदक असतो. पुस्तिकेत तसे लिहिले असल्यास अथवा दाराच्या आत पिवळ्या आवरणाच्या तारा आढळल्यास पुढे हात घालू नये. ते दार जाणत्या मेस्त्रीकडेच न्यावे. थंडीच्या पहाटे प्लॅस्टिक कडक व ठिसूळ असते, म्हणून मोटार काही वेळ उन्हात उभी करून मग काम आरंभावे. त्याच मोटारीच्या पाच-सहा क्लिपा आधीच आणून ठेवाव्या. त्या स्वस्त मिळतात व एखाददुसरी तुटतेच. उचकटण्यास लोखंडी पेचकस वापरल्यास रंग खरवडतो आणि तेथूनच गंज धरतो. प्लॅस्टिकची चपटी पट्टी नसल्यास बांबूची तासलेली कामटी उत्तम काम देते.

काढण्याची रीत :— आधी सर्व स्क्रू शोधावे. आतील हँडलच्या मागे, हात टेकण्याच्या खोबणीच्या तळाशी, आरशाच्या बाजूच्या त्रिकोणी तुकड्याखाली व खालच्या कडेस ते असतात. पुष्कळदा त्यांवर लहान झाकण बसविलेले असते. पुठ्ठ्यावर दाराची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपल्या जागी टोचून ठेवावा, कारण लांब स्क्रू भलत्या छिद्रात गेल्यास काचेस लागू शकतो. काच हाताने फिरविण्याचे हँडल असल्यास ते बहुधा मागील बाजूस घोड्याच्या नालाच्या आकाराच्या तारेने धरलेले असते. हँडलच्या मागे चिंधीची पट्टी घालून मागेपुढे ओढली म्हणजे ती तार सुटते. ती उडून हरवू नये म्हणून वर हात धरावा.

नंतर खालच्या कोपऱ्यापासून आरंभ करावा. कामटी आवरण व पत्रा यांमध्ये, क्लिपेच्या अगदी जवळ सारावी आणि एकेक क्लिप सोडवीत दोन्ही बाजूंनी वर जावे. दोन क्लिपांच्या मध्ये उचकटल्यास आवरण तेथेच चिरते. एखादी जागा सुटत नसेल, तर जोर वाढवू नये. तेथे राहिलेला स्क्रू शोधावा. सर्व क्लिपा सुटल्यावर आवरण आपल्याकडे न ओढता सरळ वर उचलावे, म्हणजे फटीतील कड मोकळी होते. ते लगेच दूर नेऊ नये. मागे काचेच्या बटणाच्या तारा व हँडलची दोरी जोडलेली असते. आवरण गुडघ्यावर टेकवून जोडणीचे छायाचित्र घ्यावे. मग जोडणीची जीभ दाबून ती सोडावी, तार धरून ओढू नये. पत्र्यात राहिलेल्या क्लिपा सांडशीने काढून पुन्हा आवरणावर बसवाव्या.

दारातील काम :— प्लॅस्टिकचा पडदा एका कोपऱ्यापासून सावकाश सोडवावा. त्याच्या चिकट भागास धुळीचा हात लावू नये. पत्र्याच्या कडा धारदार असतात, तेव्हा हातमोजे घालावे. जे बिघडले असेल ते दुरुस्त करून झाले तरी तळाची छिद्रे तपासल्याविना दार मिटू नये. शेतरस्त्याची धूळ व पालापाचोळा साचून ती बुजतात. मग पाणी आत तुंबते आणि दार खालून, डोळ्यांस न दिसता, गंजू लागते. काडीने ती मोकळी करावी.

पुन्हा बसविणे :— पडदा पूर्ववत घट्ट डकवावा व त्याची खालची कड पूर्वी जशी पत्र्याच्या आत गेली होती तशीच घालावी. तो फाटला असल्यास जाड प्लॅस्टिकचा नवा कापून लावावा. पडद्याविना आवरण बसविले, तर पहिल्याच पावसात पाणी आत येते. नंतर काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते तळाच्या छिद्रांतून निघाले व पडदा आतून कोरडा राहिला, तर काम साधले असे समजावे.

यानंतर हँडलची दोरी व तारा जोडून, वरची कड प्रथम फटीत बसवावी. प्रत्येक क्लिप आपल्या छिद्रासमोर आली आहे असे पाहून तळहाताने ठोकावी. स्क्रू शेवटी लावावे. दार लावण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. दार उघडेच ठेवून कुलपाचा आकडा पेचकसाने मिटलेल्या स्थितीत दाबावा व आतील आणि बाहेरील दोन्ही हँडलांनी तो सुटतो की नाही ते पाहावे. दोरी नीट न बसता दार लावले गेल्यास ते आतून उघडत नाही. मोटार ओढ्यात अडकली वा उलटली, तर तेच प्राणावर बेतू शकते. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे.

मृगाच्या पावसापूर्वी ज्यांस एक दिवस काढता येईल, त्यांनी निदान एका दारावर हे काम करून पाहावे, अशी आमची सूचना आहे.