गुंठ्याचा पाठ आणि शिक्षणाचे तत्त्वज्ञान



डी.एड., बी.एड. करताना ‘शिक्षणाचे तत्त्वज्ञान’ आपण परीक्षेपुरते वाचतो. आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद ही नावे पाठ करतो आणि नोकरीला लागलो की विसरतो. तत्त्वज्ञान मात्र आपल्याला सोडत नाही. मूल कोण आहे, ते कशासाठी शिकते, याबद्दल आपल्या मनात जे पक्के बसलेले असते तेच आपण वर्गात वागून दाखवतो. एक साधा पाठ घेऊन पाहू : क्षेत्रफळ.

एकच पाठ, तीन वाटा

आमचा शेळगावचा परिसर उसाचा. घरोघरी बोलणं गुंठ्यात आणि एकरात चालतं.

१) पाठांतराची वाट : फळ्यावर सूत्र लिहायचे, ‘लांबी × रुंदी’, आणि दहा गणिते सोडवून घ्यायची. ज्ञान शिक्षकाकडे आहे, मुलाने ते घ्यायचे, ही त्यामागची धारणा. सराव लागतोच, म्हणून ही वाट टाकाऊ नाही. पण मुले उत्तरात ‘चौरस’ लिहायला विसरतात, कारण डोळ्यांसमोर जमीनच नसते.

२) कृतीची वाट : दोरी घेऊन मैदानात जायचे. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौरस आखायचा. १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. हाताला काम देऊन शिकवा, असे महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडले. तीच नई तालीम.

३) रचनेची वाट : “आपलं मैदान किती गुंठ्यांचं?” एवढंच विचारून थांबायचं. मुले पावलांनी मोजतात, भांडतात, चुकतात, पुन्हा मोजतात. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्या ज्ञानरचनावादावर भर दिला, तो हाच. यात शिक्षकाने गप्प राहणे सर्वांत अवघड!

मूल कोणते?

एका हंगामात दिवाळीनंतर ऊसतोड कुटुंबातला एक मुलगा माझ्या वर्गात आला. वहीत गणित जमेना, म्हणून मी त्याला मनातल्या मनात ‘कच्चा’ ठरवून मागे बसवले. मैदानात गुंठा आखला तेव्हा तोच म्हणाला, “सर, यवढ्यात ऊस किती निघंल?” मला सुचेना. मग सगळ्यांनी मिळून हिशेब केला. एकरी ४० टन धरले तर गुंठ्याला एक टन. एकरी ६० टन पडला तर दीड. त्या दिवशी भागाकार त्याच्यामुळे वर्गाला कळला. उणीव त्याच्यात नव्हती, माझ्या समजुतीत होती.

आपल्या महाराष्ट्राने हा धडा फार पूर्वी दिला आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे सांगितले आणि अभ्यासक्रमात हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही मागितले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि गरिबाच्या मुलाला ‘कमवा व शिका’ची वाट दिली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. या सगळ्यांच्या पद्धती वेगवेगळ्या, पण विश्वास एकच : मूल शिकू शकते, वाट आपण शोधायची.

तंत्र आणि तत्त्व

फरशीवर तक्ते रंगवले म्हणजे ज्ञानरचनावाद आला, असे नाही. त्या तक्त्यांवरूनही मुलांकडून घोकूनच घेतले, तर वाट पहिलीच राहते. म्हणून पाठ संपला की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत :

* आज मी जास्त बोललो की मुले?
* चूक झाली तेव्हा मी ती खोडली, की कशी झाली हे विचारले?
* आज मागे कोण बसले होते, आणि का?

पालकांनीही “किती मार्क पडले?” याआधी “आज काय मोजलंस?” असं विचारून बघावं. आणि रविवारी मुलाच्या हातात दोरी देऊन घरासमोरचं अंगण मोजायला सांगावं. चुकलं तरी लगेच सांगू नका. त्याचं त्याला सापडू द्या.