‘मला येत होतें!’

परीक्षा देऊन दालनाबाहेर आलेल्या मुलामुलींच्या तोंडून एक वाक्य आम्हां शिक्षकांस दरवर्षीं ऐकावें लागतें. तें म्हणजे, “सर, मला येत होतें!” ज्याला येतच नव्हतें त्याच्याविषयीं वाईट वाटतें खरें, पण पुढें काय करावें हें त्याला सांगणें सोपें असतें. ज्याला येत होतें आणि तरीही ज्याच्या पदरीं गुण पडले नाहींत, त्याचें समाधान करणें फार कठीण. विद्यार्थिमित्रांनो, आज मी त्याच विद्यार्थ्याशीं बोलणार आहे. अभ्यास कसा करावा हें सांगून आम्हीं वर्षभर तुमचे कान किटविले आहेत. आतां प्रश्नपत्रिका हातीं आल्यापासून उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या स्वाधीन करीपर्यंत काय करावें, एवढेंच पाहूं.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या दहावीच्या वर्गांत एक मुलगी होती. भूमितींत तिचा हात धरणारें वर्गांत कोणी नव्हतें. शालान्त परीक्षेंत गणित भाग दोनची प्रश्नपत्रिका मिळतांच तिनें शेवटचें पान उघडलें व पांचवा प्रश्न सोडवावयास घेतला; कारण, कठीण प्रश्न ताज्या मनानें आधीं सोडवावा, असें तिला कोणींतरी सांगितलें होतें. (तो ‘कोणीतरी’ मीच तर नसेन ना, अशी धास्ती मला बरेच दिवस होती.) उदाहरण सुटेना; सोडून द्यावें तर मन राजी होईना. घड्याळाकडे पाहिलें तेव्हां चाळीस मिनिटें गेलीं होतीं! पुढें सारीच धांदल उडाली. जी रचना ती डोळे मिटून काढीत असे ती काढावयाची राहिली, आणि दुसऱ्या प्रश्नांतील दोन सोपीं उदाहरणें वाचावयासही वेळ उरला नाहीं. ती उत्तीर्ण झाली. परंतु मिळालेले गुण तिच्या योग्यतेचे नव्हते. मनाजोग्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला नाहीं तो नाहींच. आणि त्याहून वाईट हें कीं, आपणांस गणित येत नाहीं अशी तिची पुढें कित्येक महिने समजूत होऊन बसली.

तिच्या त्या चाळीस मिनिटांचा हिशेब करून पाहूं या. गणिताच्या ह्या प्रश्नपत्रिकेस ४० गुण व २ तास असतात. त्यांतून प्रश्न वाचण्यास दहा मिनिटें व लिहिलेलें तपासण्यास दहा मिनिटें बाजूला काढलीं, तर लिहावयास शंभर मिनिटें उरतात. म्हणजे एका गुणाची किंमत अडीच मिनिटें. ह्या भावानें चाळीस मिनिटांत सोळा गुण यावयास हवे होते. पांचवा प्रश्न होता तीन गुणांचा. त्याची रास्त किंमत साडेसात, फार तर दहा मिनिटें. सोळा रुपये मोजून तीन रुपयांची वस्तु घ्यावयास जावें आणि तीही हातीं लागूं नये, असला व्यवहार बाजारांत आपण एकदांही करणार नाहीं. परीक्षेंत मात्र शहाणीं मुलें तो बिनदिक्कत करितात.

भाषेच्या कृतिपत्रिकेस ८० गुण व ३ तास असतात. तेथेंही वीस मिनिटें वेगळीं काढलीं कीं १६० मिनिटें राहतात. दर गुणास बरोबर दोन मिनिटें. आठ गुणांच्या निबंधास सोळा मिनिटें द्यावींत, पंचवीस नव्हे. हें मी अनुभवानें सांगतों. माझ्या स्वतःच्या शालान्त परीक्षेंत मी निबंधांत असा रमलों, कीं पावसाळ्याचें वर्णन चार पानें चाललें आणि व्याकरणाचे हुकमी गुण कोरे राहिले. तो निबंध चांगला उतरला होता असें मला अजूनही वाटतें; पण चांगल्या निबंधासही ठरल्यापेक्षां अधिक गुण कोणी देत नाहीं.

हा हिशेब परीक्षेच्या दालनांत करीत बसूं नये. घरीं करावा, पाठ करावा, आणि जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ समोर ठेवून सोडवितांना हातांत मुरवावा.

आतां वाचनाविषयीं. पूर्वीं शालान्त परीक्षेंत प्रश्नपत्रिका वेळेच्या दहा मिनिटें आधीं वाचावयास मिळत असे. २०२३ सालापासून मंडळानें ती पद्धत बंद केली व त्याऐवजीं शेवटीं दहा मिनिटें वाढवून दिलीं. ह्याचा अर्थ पुष्कळ मुलांच्या ध्यानांत येत नाहीं. वाचनाचीं दहा मिनिटें पूर्वीं तुम्हांस सक्तीनें मिळत. आतां तीं तुमचीं तुम्हींच काढावयाचीं आहेत. शेजारचा मुलगा पहिल्याच मिनिटास भराभर लिहूं लागला म्हणून आपलें चित्त विचलित होऊं देऊं नये. शेवटचीं वाढीव दहा मिनिटें तर हिशेबांत धरूंच नका. तीं अडीअडचणीसाठीं राहूं द्या.

वाचतांना पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावें. पाठीमागच्या बाजूस छापलेला प्रश्न दिसलाच नाहीं, असें सांगणारें एखादें मूल दरवर्षीं भेटतें. नंतर ‘कोणतेही दोन’, ‘कोणतेही तीन’ हे शब्द पाहावे. दोन सांगितले असतां चारही सोडविणारे विद्यार्थी आळशी नसतात, उलट फार कष्टाळू असतात. पण ते कष्ट वाया जातात. तिसरी गोष्ट आज्ञेची. ‘कारण लिहा’ म्हटलें असतां धड्याची सारी हकीकत सांगूं नये. ‘फरक स्पष्ट करा’ म्हटलें असतां एका बाजूचेंच वर्णन करूं नये. इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासतांना माझ्या दृष्टीस पडतें तें असें, कीं विद्यार्थ्यानें जें लिहिलें तें बहुधा खरें असतें; फक्त तें विचारलेलें नसतें.

वाचून झालें कीं जे प्रश्न नक्की येतात ते आधीं घ्यावे. क्रम बदलल्यास गुण जात नाहींत. मात्र प्रश्नाचा व उपप्रश्नाचा क्रमांक समासांत स्पष्ट घालावा, आणि प्रत्येक मुख्य प्रश्न नव्या पानावर आरंभावा. एखादें उदाहरण अडलें तर त्याच्या किंमतीच्या दीडपट वेळ होईपर्यंत थांबावें. त्यापुढें एक क्षणही नाहीं. जागा सोडून पुढें जावें. अशा वेळीं मन फार हट्ट धरतें. ‘आतां सुटेल, आतां सुटेल’ असें तें सांगत राहतें. त्याचें ऐकूं नये. सोडलेलें उदाहरण अर्ध्या तासानें पुन्हां पाहिलें असतां पुष्कळदां आपोआप उलगडतें; आणि नाहींच उलगडलें तरी पक्ष, साध्य, आकृति, सूत्र, जेवढें येतें तेवढें लिहावें. गणितांत पायऱ्यांस गुण असतात. कोऱ्या जागेस गुण द्यावेत असें परीक्षकाच्या कितीही मनांत आलें, तरी त्याचा इलाज चालत नाहीं.

पर्यायी प्रश्नांची गोष्ट थोडी निराळी आहे. ‘पहिलें सुचलेलें उत्तर बदलूं नये’ हें वचन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे, आणि मीही तें वर्गांत कित्येक वर्षें सांगत असें. तें चुकीचें आहे. अमेरिकेंतील कांहीं मानसशास्त्रज्ञांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत १,५६१ उत्तरपत्रिकांवरील खाडाखोड तपासली. शेंकडा ५१ वेळां बदल चुकीकडून बरोबराकडे झालेला होता, आणि बरोबराकडून चुकीकडे झालेला शेंकडा २५ वेळांच. मग उलट समज कां रूढ झाला? बरोबर उत्तर खोडल्याची हळहळ जन्मभर आठवते, आणि चूक सुधारल्याचा आनंद दुसऱ्या दिवशीं विसरतो, म्हणून. परंतु येथें एक सावधगिरी हवी. शालान्त परीक्षेच्या गणितांतील पर्यायी प्रश्नांत पहिल्याच प्रयत्नाचें मूल्यमापन होईल, अशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असते. तेव्हां तेथें बदल करावयाचा तो कच्च्या कामांत, उत्तर लिहिण्यापूर्वीं. शाईनें वर्तुळ भरावयाच्या परीक्षांसही हाच नियम. संगणकावरील परीक्षेंत मात्र सबळ कारण सुचल्यास उत्तर खुशाल बदलावें.

चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नसतील, तर एकही पर्यायी प्रश्न कोरा ठेवूं नये. जेथें वजा होतात, उदाहरणार्थ वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेंत, तेथें बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकीस एक जातो. चार पर्यायांपैकीं कोणताच ओळखीचा नसतांना बारा प्रश्नांचीं उत्तरें अंदाजानें ठोकलीं, तर सरासरीनें तीन बरोबर येतील. बारा मिळाले, नऊ गेले, हातीं उरले तीन. आणि दैव फिरलें तर तेही नाहींत. पण त्याच बारा प्रश्नांत दोन-दोन पर्याय खात्रीनें बाद करतां आले, तर सरासरीनें सहा बरोबर. चोवीस मिळाले, सहा गेले, उरले अठरा. म्हणून बरोबर काय हें ठाऊक नसलें तरी चूक काय हें शोधण्यांत वेळ घालवावा. तें ज्ञानच आहे.

घरच्या तयारीविषयीं एवढेंच, कीं धडा पुनःपुन्हां वाचण्यापेक्षां पुस्तक मिटून आठवून लिहावा. अमेरिकेंतील सेंट लुई येथील दोघा संशोधकांनीं २००६ सालीं असें दाखविलें, कीं एकच उतारा पुन्हां वाचलेल्या विद्यार्थ्यांस आठवड्यानंतर शेंकडा ४२ भाग आठवला, आणि एकदां वाचून मग आठवून लिहिलेल्यांस ५६. पांच मिनिटांनंतर मात्र पुन्हां वाचलेलेच पुढें होते. पुस्तक मिटतांच ‘मला सारें येतें’ असें वाटतें तें ह्याच पांच मिनिटांचें.

पालकांस दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. मूल परीक्षा देऊन घरीं आलें कीं प्रश्नपत्रिका हातांत घेऊन एकेक उत्तर पडताळून पाहण्याची आपणांस घाई होते. झालेली उत्तरपत्रिका तर बदलत नाहीं. बिघडते ती पुढची. त्या दिवशीं जेवूं घाला, निजूं द्या. आणि निकालाची भीति घालण्यापूर्वीं हेंही जाणून असा, कीं एक-दोन विषयांत अपयश आलेल्या विद्यार्थ्यास अटी पाळून अकरावींत प्रवेश मिळूं शकतो, व जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा असते. माझ्या त्या विद्यार्थिनीस तिच्या आईनें एकदांही बोल लावला नाहीं. “चाळीस मिनिटें एका गणितापाशीं बसलीस, म्हणजे तुला धीर आहे,” असें ती माउली म्हणाली. मुलगी पुढें गणितच घेऊन पदवीधर झाली. आणि सुटींत आली कीं आमच्या दहावीच्या मुलांस घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडवावयास बसविते.

शेवटचीं दहा मिनिटें राहिल्याची घंटा झाली कीं नवें उदाहरण आरंभूं नये. पुरवण्या क्रमानें लावून घट्ट बांधाव्या, त्यांची संख्या पहिल्या पानावर लिहावी, बैठक क्रमांक अंकांत व अक्षरांत पुन्हां पाहावा. मग प्रश्नपत्रिका शेजारीं धरून एकेका क्रमांकावर बोट ठेवीत जावें: हा लिहिला, हा लिहिला, हा राहिला. राहिलेला एखादा एका गुणाचा असला, तर त्याला अजून वेळ आहे.