श्वानांच्या खांद्याची दुखापत आणि पुनर्जनन उपचार

धावणाऱ्या व उड्या घेणाऱ्या श्वानांच्या पुढच्या पायातील लंगडेपणाचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे सुप्रास्पिनेटस स्नायूच्या कंडरेला झालेली इजा. कंडरेला रक्तपुरवठा अल्प असल्याने ती सावकाश भरून येते. विश्रांती व वेदनाशामके अनेकदा अपुरी पडतात.

पुनर्जनन उपचारात श्वानाचे स्वतःचेच रक्त सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून बिंबिकासमृद्ध प्लाझ्मा वेगळा केला जातो. बिंबिकांतील वृद्धिकारक घटक ऊतींच्या दुरुस्तीस चालना देतात. सोबत मूलपेशीही अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने इजेच्या जागी टोचल्या जातात. मूलपेशी म्हटले की विद्यार्थ्यांना भ्रूण आठवतो. येथे मात्र त्या श्वानाच्याच चरबीतून मिळवितात. त्या स्वतः कंडरा बनण्यापेक्षा दाह आटोक्यात ठेवणारी द्रव्ये स्रवून दुरुस्तीस साहाय्य करीत असाव्यात, असे आज मानले जाते.

२०१६ मध्ये ५५ श्वानांचा पूर्वलक्षी अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची चाल ९० दिवसांनी मोजली गेली, त्यांपैकी बहुतेकांच्या दोन्ही पुढच्या पायांवरील भारात लक्षणीय फरक उरला नव्हता. परंतु त्यात तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता. त्यामुळे केवळ विश्रांती व व्यायामोपचाराने यांपैकी किती श्वान बरे झाले असते, हे या आकड्यांवरून ठरविता येत नाही.