आधी विचारा, मग हॉल ठरवा



पालकहो, या वेळी अभ्यास, मोबाइल आणि डबा हे तिन्ही विषय बाजूला ठेवते. आज वाढदिवसांविषयी बोलू या. मुलांच्या नव्हे, तुमच्या आणि तुमच्या आई-वडिलांच्या.

आपल्या नवीन पनवेलमध्ये बाळाचा पहिला वाढदिवस कसा होतो, हे तुम्हाला सांगायला नको. हॉल, फुग्यांची कमान, दारात बाळाच्या बारा महिन्यांचे बारा फोटो, जाताना पाहुण्यांच्या हातात भेटवस्तू. आणि ज्याचा वाढदिवस, तो साडेआठलाच आईच्या खांद्यावर झोपलेला. हौस आहे, जरूर करा. पण त्याच घरात बाबांचा चाळिसावा वाढदिवस आला की बाबा म्हणतात, ‘झालं, आता उतरण लागली.’ आई म्हणते, ‘केकवर आकडा नको हं घालू.’ आजोबांना पंचाहत्तर पूर्ण होतात तेव्हा ते स्वतःच सुस्कारा टाकतात, ‘आता काय, बोनस!’ मूल बाजूला बसून केक खात असतं आणि हे सगळं ऐकत असतं. वाढदिवस अठरापर्यंत आनंदाचा आणि त्यानंतर दुःखाचा, असा हिशोब ते तिथेच मांडून मोकळं होतं.

शाळेत समुपदेशक म्हणून मी मुलांशी गप्पा मारते. एकदा तिसरीच्या वर्गात विचारलं, ‘माणूस म्हातारा कधी होतो?’ एकाने सांगितलं, ‘दात पडल्यावर.’ त्याचे स्वतःचे पुढचे दोन पडलेले होते. दुसरा म्हणाला, ‘रिटायर झाल्यावर.’ एका मुलीचं उत्तर मात्र मला विसरता आलेलं नाही. ती म्हणाली, ‘ज्याला घरात काही विचारत नाहीत ना, तो म्हातारा.’

आजचं माझं सगळं बोलणं त्या पोरीच्या या वाक्यावरच उभं आहे.

एक साधी गोष्ट करून बघा. तुमच्या आई-वडिलांची आधार कार्डावरची जन्मतारीख वाचा. बऱ्याच घरांत ती १ जून निघेल. आपल्या वसाहतीत रायगडच्या गावांतून, सातारा-सांगलीकडून, कोकणातून आलेली कुटुंबं भरपूर. त्या पिढीचा जन्म घरात झाला, नोंद कुठेच नव्हती. पोराला शाळेत नेलं की गुरुजी त्याच्याकडे बघून वयाचा अंदाज करत आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून लिहून टाकत. त्यामुळे आज ज्येष्ठांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर १ जूनला शुभेच्छांची नुसती झुंबड उडते. अर्धा गट अर्ध्या गटाला केकची चित्रं पाठवत असतो.

गंमत बाजूला ठेवली तर यात एक चुटपुट आहे. गुरुजींनी घातलेल्या एखाद्या वर्षामुळे कुणी खऱ्या वयाच्या आधीच निवृत्त झालं, कुणाला वर्षभर जास्त नोकरी मिळाली. आपण ज्या दिवशी थाटात साठी साजरी करतो, तो दिवस त्यांच्या मनात कधी वाढदिवस नव्हताच. त्यांच्या आईने जन्म सांगितला तो असा : पानशेत फुटलं त्या वर्षीच्या श्रावणातला. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू पाळण्यात होतास. बहात्तरच्या दुष्काळात तुला कडेवर घेऊन मी खडी फोडायला जात होते. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ रोजी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. एवढे दोन खुंटे हातात असले तर इयत्ता पाचवीचं पोरगंसुद्धा आजीचं खरं वय काढू शकतं. सुट्टीत हा उद्योग त्याच्यावर सोपवा. तिथी आठवत असेल तर जुनं पंचांग शोधा. खरी तारीख सापडेलच असं नाही. पण दोन संध्याकाळी आजीला कुणीतरी प्रश्न विचारत बसलेलं असेल.

या पिढीचं वय सरकार मात्र काटेकोर मोजतं. राज्य सरकारच्या नोकरीत बहुतेकांना ५८ व्या वर्षी हार घालून घरी पाठवतात. साठीला कायद्याने ज्येष्ठ नागरिक. रेल्वेच्या तिकिटात पूर्वी पुरुषांना साठीपासून आणि बायकांना ५८ पासून सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. त्यामुळे करोनाच्या काळात साठी गाठलेल्यांची चिडचिड अजून ऐकू येते : ‘आमची वेळ आली आणि खिडकी बंद झाली.’ सत्तरीला पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, हे ऑक्टोबर २०२४ पासून. आणि एसटीत ६५ ला अर्धं तिकीट, ७५ ला फुकट. बायकांना मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं तिकीट मिळू लागल्याने आज्यांचा ६५ वा वाढदिवस एसटीच्या लेखी कोराच जातो, हा भाग वेगळा.

पंचाहत्तरीचं हे फुकट तिकीट २६ ऑगस्ट २०२२ ला सुरू झालं. पनवेलच्या स्टँडवर कधी उभं राहून बघा. एक आजोबा अलिबागच्या गाडीत चढतात, कंडक्टरने मागायच्या आधीच खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं आधार कार्ड काढतात, शून्य रुपयांचं तिकीट घेतात आणि घडी घालून जपून ठेवतात. दुसरे त्यांच्याच वयाचे, पैसे पुढे करतात. कंडक्टर विचारतो, ‘बाबा, पंचाहत्तर झाली ना?’ ते म्हणतात, ‘पूर्ण तिकीट दे.’ वय तेच, गाडी तीच. एकाला तो मान वाटतो, दुसऱ्याला शिक्का. तुमच्या घरातले आजोबा या दोघांपैकी कोणते, हे माहीत असल्याशिवाय त्यांची पंचाहत्तरी ठरवायला घेऊ नका.

कारण आपण नेमकं तेच करतो. ‘सरप्राइज’ या प्रकाराचा मला मनापासून राग आहे, तो इथे काढते. पंचविशीतल्या मित्राला अंधाऱ्या खोलीत दचकवा, हरकत नाही. पण पंचाहत्तरीच्या आईला ‘जरा देवळात जाऊन येऊ’ म्हणून रिक्षात बसवायचं आणि दीडशे माणसांच्या हॉलपुढे उतरवायचं, यात कुणाचा आनंद असतो? माझ्या ओळखीच्या एका आजींच्या बाबतीत असंच झालं. मोठा पडदा, त्यावर लग्नातल्या फोटोपासूनची चित्रफीत, मुलांची भाषणं. सगळं प्रेमाने केलेलं, खर्चही भरपूर. आजी हसत होत्या. चित्रफितीत त्यांच्या गेलेल्या मुलीचा फोटो आला, तेव्हाही हसतच होत्या. अकराला कार्यक्रम संपला आणि पैठणी सावरत, हातात पुष्पगुच्छ घेऊन त्या तीन मजले चढल्या.

तीन मजले, कारण इमारतीला लिफ्ट नाही. नवीन पनवेलमधल्या सिडकोच्या जुन्या इमारती अशाच आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकात, लोकल इथवर यायच्याही आधी (ती आली १९९८ मध्ये), ज्यांनी इथे घरं घेतली ते तेव्हा तिशीत होते. खांद्यावर सिलिंडर घेऊन वर जात. आता ते सत्तरीत आहेत आणि जिना तेवढाच आहे. आमच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. तिच्यावर कुणाचं नाव नाही, पण तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे सगळे जण भाजीची पिशवी टेकवून तिथे दोन मिनिटं बसतात. वय वाढलं हे या माणसांना वाढदिवसाला कळत नाही. कधीतरी मंगळवारी भाजी आणताना, त्या वळणावर कळतं. पुनर्विकासाच्या बैठकीत सगळे चौरस फुटांवर बोलतात आणि एखादे आजोबा शेवटी हात वर करून विचारतात, ‘आमच्या हयातीत होईल का?’ लोक हसतात. तो विनोद नसतो.

त्या आजींना मी नंतर विचारलं, तुम्हाला काय आवडलं असतं? त्यांनी विचारही केला नाही. म्हणाल्या, ‘पोलादपूरला नेलं असतं तर. माहेरची विहीर बघायची होती एकदा.’ पनवेल आणि पोलादपूर, दोन्ही एकाच महामार्गावर. अर्ध्या दिवसाचा रस्ता.

परंपरेत या टप्प्यांची सोय होती. पन्नाशीची शांत, साठीची, सत्तरीची, पंचाहत्तरीची, आणि ऐंशीनंतर सहस्रचंद्रदर्शन. धार्मिक विधी करायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. मी त्यात पडत नाही. पण त्यात एक शहाणपण मला दिसतं. वय वाढणं ही लपवायची गोष्ट मानलेली नव्हती. हजार पौर्णिमा बघितल्या, असं मोठ्याने सांगायचं, दिव्यांनी ओवाळायचं. हे गणितही मुलांकडून करून घेण्यासारखं आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस. हजार पौर्णिमांचे साडेएकोणतीस हजार दिवस. ३६५ ने भागा. ऐंशी वर्षं आणि वर काही महिने येतात. सहावीतल्या मुलाला हा भागाकार कुठल्याही स्वाध्यायापेक्षा जास्त आवडेल.

मग तो पुढचा प्रश्न विचारेल. एका घरात पणतूने विचारलाच : ‘हजार झाल्या, म्हणजे आता पणजी मरणार?’ आई ओरडली, ‘असं बोलायचं नसतं!’ पणजी शांतपणे म्हणाली, ‘मरणार की कधीतरी. आधी तुझी दहावी होऊ दे.’ मुलांना मरणाची भीती वाटते त्यापेक्षा जास्त भीती तुमच्या ओरडण्याची वाटते. त्यांना खरं उत्तर हवं असतं, छोटंसं. ते आजी-आजोबा तुमच्यापेक्षा चांगलं देतात, कारण त्यांनी त्यावर तुमच्याहून अधिक विचार केलेला असतो. त्यांना देऊ द्या.

आता तुमच्याविषयी. तुम्ही पस्तिशी ते पन्नाशीच्या मधे आहात. घराचा हप्ता, मुलाची दहावी, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, हे सगळं एकाच वर्षात. अशा वर्षी चाळिसावा किंवा पन्नासावा वाढदिवस आला की पोटात खड्डा पडतो, हे मला मान्य आहे. नोकरीत नवीन मुलं आली आहेत, मोबाइल हातभर लांब धरावा लागतो, ठरवलेलं पुष्कळ राहून गेलं आहे. आईच्या बाबतीत पाळी जाण्याचा त्रासही याच सुमाराचा, आणि त्याविषयी घरात चकार शब्द नसतो. वाईट वाटलं तर वाटू द्या. मुलांसमोर ‘मला आज थोडं वाईट वाटतंय’ म्हणालात तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘आपलं काय आता, संपलं’ या रोजच्या पालुपदाने.

एक उदाहरण देते. धोंडो केशव कर्व्यांचा जन्म १८५८ चा. महिला विद्यापीठ त्यांनी १९१६ मध्ये सुरू केलं, म्हणजे वयाच्या ५८ व्या वर्षी, जेव्हा आपण हार घालून घरी पाठवतो. खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केलं ते १९३६ मध्ये. शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं. सगळेच कर्वे होत नाहीत आणि व्हायची गरजही नाही. निवृत्तीनंतर कुणाला नुसतं बसून पेपर वाचायचा असेल तर तोही त्याचा हक्क आहे. मी हे उदाहरण दिलं ते एवढ्याचसाठी, की साठीच्या माणसाने काय करायचं आणि काय नाही, हे आपण परस्पर ठरवून टाकतो. गाडी चालवू नका. एकटे जाऊ नका. बँकेचं मी बघतो. यातलं काही खरंच गरजेचं असतं, डॉक्टर सांगतात तेव्हा ऐकायलाच हवं. पण ‘मी बघतो’ म्हणण्याआधी ‘मी बघू का?’ असं विचारता येतं. मुलं तो फरक बरोबर टिपतात आणि तीस वर्षांनी तुमच्यावर वापरतात.

तेव्हा येत्या वर्षात तुमच्या घरात कुणाची साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन असेल, तर हॉलला आगाऊ रक्कम देण्याआधी त्या माणसाजवळ बसा. टीव्ही बंद करा, मुलांनाही बसवा आणि विचारा : तुम्हाला काय हवंय? कुणाला बोलवायचं? कुणाला नको? कुठे जायचंय? थाटामाटाचा समारंभच हवा असं म्हणाले, तर तो दणक्यात करा आणि हॉल तळमजल्यावरचा बघा. ‘मला काही नको’ असं म्हणाले, तर ते उत्तर लगेच धरून बसू नका. दोन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा विचारा.