पिशवीवर सागाचे पान



नाताळच्या विक्रीसाठी पिशव्या मागताना "त्यावर ते वारली माणसांचं डिझाइन टाका" असे मंडळीतून हमखास सांगितले जाते. वारली चित्रकला पालघर-डहाणूकडची. जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली ती तिच्यासाठीच. नांदगाव पेठेत आमच्या शिवणवर्गाला येणाऱ्या बहिणी मेळघाटातल्या कोरकू आहेत. पोटासाठी त्या इकडे, औद्योगिक वसाहतीच्या आसपास आल्या. दुसऱ्याची चित्रे त्यांनी का छापावीत?

पण त्यांच्यासाठी नक्षी शोधताना मीच चुकले. कोरकू लोक मृतांच्या आठवणीसाठी लाकडी फळी कोरून उभी करतात, तिला मुंडा म्हणतात. तिच्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार असतात. त्याचा ठसा करू, असे मी सुचवले. वर्गातल्या आजी म्हणाल्या, "ते मेलेल्याइचं आहे, ताई. बजारात नाई नेत." मी कागद घडी करून ठेवला.

मग आजींनीच सागाचे कोवळे पान तळहातावर चोळून दाखवले. हात लाल! निर्गम 28 मध्ये अहरोनाच्या झग्याच्या घेरावर डाळिंबे काढायला सांगितले आहे, म्हणजे तिथल्या मातीतलेच फळ. आमच्याकडे साग.

पहिल्या खेपेला कोऱ्या मांजरपाटाची खळ आम्ही काढलीच नाही. ठसे पहिल्या धुण्यातच गेले, पिशव्या परत आल्या, बहिणींची शिलाई अडकली. आता कापड आधी सोडा घालून गरम पाण्यात धुतो. मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवतो, त्यानंतर तुरटीच्या पाण्यात. हिरड्यामुळे सुती धाग्यात तुरटी टिकते आणि तुरटीमुळे रंग. कापडावर पान शिरांची बाजू खाली करून ठेवायचे, वर प्लास्टिक, आणि हातोडीने हळूहळू ठोकत कडेपर्यंत जायचे. जोर लावला की पान फुटते, रंग पसरतो. जून पान चालत नाही. पालवी असते तेवढ्याच दिवसांचे हे काम. एरवी पानाफुलांचे लाकडी ठसे आणि पिगमेंट रंग वापरतो. वाळल्यावर उलट बाजूने गरम इस्त्री फिरवली की रंग पक्का होतो.

पानाचा ठसा उन्हाने फिका पडतो. पिशवी थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. सूर्य-चंद्र-घोड्याची पिशवी मात्र मागू नका, ती आम्ही करणार नाही.